पावसाळी लंडन: पर्यटन बस की साधी लाल बस?

लंडनमध्ये दिवसभर रिमझिम पाऊस लागलेला असताना शहर बघायचे असेल, तर हवे तिथे उतरून पुन्हा चढता येणारी हॉप-ऑन हॉप-ऑफ पर्यटन बस घ्यावी की नेहमीची लाल दुमजली बस, हा विचार तिकीट काढण्यापूर्वीच करावा. पर्यटन बसचे खरे आकर्षण म्हणजे तिचा उघडा वरचा मजला, आणि पावसात नेमका तोच निरुपयोगी ठरतो; सगळे प्रवासी खाली किंवा छताखालच्या भागात दाटीने बसतात, काचांवर वाफ धरते आणि हेडफोनमधून सेंट पॉल्स कॅथेड्रलचे वर्णन ऐकू येत असताना बाहेर धूसर घुमटाची जेमतेम कडा दिसते. ते निवेदन मात्र खरोखर उपयुक्त असते, विशेषतः शहर प्रथमच पाहणाऱ्यांना.

पंधरा क्रमांकाची साधी बस ट्रफाल्गर चौक, सेंट पॉल्स आणि टॉवर ऑफ लंडन यांना जोडते. तिच्यात माहिती सांगणारे कोणी नसते, पण वरचा मजला पूर्ण बंदिस्त असून समोरच्या रुंद काचेतून रस्ता छान दिसतो. शिवाय पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसऱ्या बसचे वेगळे भाडे पडत नाही. 1753 मध्ये स्थापन झालेले ब्रिटिश म्युझियम आणि ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरी यांच्या कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेशशुल्क नसल्यामुळे, सर आली की आत शिरावे आणि ओसरली की पुढची बस धरावी, हे सहज जमते. माझा कौल पावसात साध्या बसलाच आहे. पर्यटन बस उघडिपीच्या दिवसासाठी राखून ठेवावी.