तीन-साडेतीन एकरांसाठी कुठला ट्रॅक्टर? येळ्ळूरची काळी, बेळगुंदीचा माळ आणि निपाणीचा ऊस

आमची साडेतीन एकर शेती आहे, तीही दोन तुकड्यांत. दोन एकर येळ्ळूर शिवारातली काळी, भाताची, आणि दीड एकर राजहंसगडाच्या पायथ्याची तांबडी, दगडगोट्यांची. बेळगाव तालुक्यात बहुतेकांची गत अशीच आहे. वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर आली, बैलजोडी गेली, आणि ऐन हंगामात भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात चार-चार खेपा घालाव्या लागतात. तेव्हा आपला ट्रॅक्टर हवा असं वाटणं अगदी रास्त आहे. पण गावात विचारायला गेलं की जो तो आपापल्या कंपनीचं नाव सांगतो, आणि जमीन कुठली, ओल किती, पीक काय हे कुणीच विचारत नाही.

मी दोन वर्षं वहीत तास लिहून ठेवले. नांगरट, रोटर (रोटाव्हेटर), चिखल, रब्बीची मशागत, शेणखत आणि पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) खेपा, सगळं धरून वर्षाला ६० ते ७० तास भरले. साडेतीन एकरांचं काम एवढंच आहे. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते, म्हणजे ती यायलाच आमच्याकडे दिवाळी उजाडेल. असा ट्रॅक्टर झिजून खराब होत नाही, उभा राहून होतो. बॅटरी बसते, सील कडक होतात, वायरी उंदीर खातात. म्हणून वॉरंटी बघताना तासांपेक्षा वर्षं बघा. कुबोटा आणि जॉन डिअर ५ वर्षं किंवा ५००० तास देतात. महिंद्राच्या बऱ्याच मॉडेलना २ अधिक ४ अशी ६ वर्षांची वॉरंटी आहे, पण पुढची ४ वर्षं फक्त इंजिन आणि गिअरच्या झिजेपुरती असतात. तुमच्या मॉडेलला नेमकी कुठली लागू आहे ते डीलरकडून लिहून घ्या.

काळ्या चिखलातली बरोबरी

येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात मे-जूनमध्ये धूळवाफ पेरणी साधली तर ट्रॅक्टरला चिखलात उतरायची वेळच येत नाही. पण बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरून आठ-आठ दिवस राहिलं आणि भात कुजलं, की जुलैत पुन्हा चिखल करून रोप लावावं लागतं. ट्रॅक्टरची खरी परीक्षा त्या दिवशी होते, आणि ती वजनाची असते.

मॅसी फर्ग्युसन १०३५ हा ३६ एचपीचा, जुना, भरवशाचा ट्रॅक्टर. वजन सुमारे १७०० किलो, आणि बहुतेकांकडे तो २ व्हील ड्राइव्हमध्येच दिसतो. महिंद्रा २७५ ३९ एचपीचा, वजनाने त्याच्याहून थोडा जड. माळावर दोन्ही राजे आहेत. आमच्या काळीत मात्र मागचं चाक एकदा तळाचा कडक थर फोडून खाली गेलं की दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन लावावं लागतं, आणि तो खड्डा पुढे दोन वर्षं दिसतो.

याउलट कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हा २४ एचपीचा, साडेसहाशे किलोच्या आसपास, ४ व्हील ड्राइव्ह. इंजिन ३ सिलिंडरचं, छोटं पण जास्त फेऱ्यांवर चालणारं. महिंद्रा जिवो २४५ सुद्धा २४ एचपीचा, ४ व्हील ड्राइव्हचा, पण त्याला २ मोठे सिलिंडर. दोघांची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलायची ताकद, ७५० किलोची. कागदावर सारखे दिसणारे हे दोघे शेतात वेगळे लागतात. मी दोन्ही आमच्याच काळीत, त्याच रोटरवर चालवून बघितले. कुबोटा शांत चालतो, हातापायाला थरथर जवळजवळ नाही, वळताना अगदी थोडक्या जागेत फिरतो. चार गुंठ्यांच्या पट्टीत ही गोष्ट मोठी आहे. जिवोचा आवाज जास्त, पण ओल जड असताना फेऱ्या खाली आल्या तरी तो दम सोडत नाही. रोटर मातीत बसला की गिअर बदलायची घाई करावी लागत नाही. माझ्या वडिलांनी दोन्ही चालवले आणि उतरल्यावर म्हणाले, "मला हा शांत बरा, पण चिखलात तूच उतरणार, तुझं तू ठरव."

तिसरं नाव व्हीएसटीचं. बेंगळूरची कंपनी, जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर टिलर बनवत मोठी झालेली, त्यामुळे भातशेतीतलं तिचं शिक्षण जुनं आहे. तिचा १८.५ एचपीचा शक्ती एमटी १८०डी कुबोटाएवढाच हलका आणि ३ सिलिंडरचा आहे. दीड-दोन एकरांच्या चिखलाला तो पुरतो. नांगराला मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. २ एकरांच्या वर भात असेल तर त्यांच्याच ४ व्हील ड्राइव्ह २२४ कडे बघा.

या वर्गात ब्रेक तेलातले आहेत की कोरडे, हे आधी विचारा. कोरड्या ब्रेकमध्ये चिखल शिरला की बांधावरून उतरताना छातीत धस्स होतं.

बेळगुंदी-उचगावचा माळ

रताळी आणि बटाट्याचा हा पट्टा. तांबडी, निचऱ्याची जमीन, चढ-उतार, आणि वरंबे ओढायचे. इथे ट्रॅक्टर रुतण्याची भीती नाही, म्हणून ४ व्हील ड्राइव्हला जादा पैसे घालायची गरज मला वाटत नाही. स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ हे दोन्ही १५ एचपीचे, एका सिलिंडरचे. पंजाब ट्रॅक्टर्स म्हणजे स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे आली, त्यामुळे दोघे आता एकाच घरातले आहेत. फरक बांधणीचा आहे. स्वराज जड, साधारण साडेआठशे किलोचा, आणि त्या वजनामुळे वरंबे ओढताना चाक कमी घसरतं. मी माळासाठी स्वराजकडे झुकतो. दोघांची यंत्रणा इतकी साधी आहे की गावचा मेस्त्री बांधावर बसून ती उघडतो आणि बसवतो.

पण एका सिलिंडरची थरथर सहन होते का, ते खरेदीआधी तासभर चालवून बघा. दोन तासांनी स्टिअरिंगवरचा हात काढला तरी बोटांत मुंग्या राहतात. पन्नाशीच्या पुढचा माणूस चालवणार असेल तर स्वराजचाच २९ एचपीचा टार्गेट ६३० किंवा सोनालिकाचा जीटी २६ अशा बहुसिलिंडरवाल्यांकडे बघावं, पैसे जास्त गेले तरी.

या पट्ट्यात आयशर २४२ सुद्धा आहे, एका सिलिंडरचा असून २५ एचपीचा आणि हवेवर थंड होणारा. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, म्हणजे बिघडायच्या दोन वस्तू आधीच कमी. ट्रॉलीच्या कामाला तो चिवट आहे.

निपाणी-चिक्कोडीचा ऊस, खानापूरची खाचरं

उसाला ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी स्वतःच्या दोन सऱ्यांमधलं अंतर टेपने मोजावं आणि मग ट्रॅक्टरची टायरच्या बाहेरून बाहेर रुंदी मोजावी. भरणीसाठी (उसाला माती लावायला) आत शिरणारा ट्रॅक्टर हवा असेल तर २४ ते २८ एचपीचे अरुंद ४ व्हील ड्राइव्ह बघा, जसे कुबोटा, जिवो किंवा जॉन डिअरचा ३०२८. लागणीआधीची खोल नांगरट यातला कुणीच नीट करत नाही. ती ४५-५० एचपीवाल्याकडून भाड्याने करून घ्या. वर्षातून एकदाच लागणाऱ्या नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर घरात बांधू नका. भाड्याची कामं आणि उसाच्या ट्रॉल्या धरायच्या असतील तर प्रश्नच वेगळा. मग २७५, १०३५, स्वराज ७३५ या तिघांतूनच घ्या. विकायला काढले तरी यांना गिऱ्हाईक मिळतं.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, पाऊस दांडगा आणि खाचरं छोटी. एकर-दीड एकर असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. १३ एचपीचा व्हीएसटी शक्ती किंवा केरळचा कॅमको पॉवर टिलर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उतरतो. कष्ट जास्त, पण तिथे काम तोच करतो.

अकरा दिवस

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. माझा पहिला ट्रॅक्टर जुना घेतलेला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. जुलैचा महिना, पाणी ओसरलेलं, रोप तयार. दुसऱ्या पट्टीत वळताना क्लच सोडला तर ट्रॅक्टर जागचा हलेना, इंजिन नुसतं फिरतंय आणि जळक्या प्लेटचा तो कडवट वास. मेस्त्री आला, चिखलात पाठीवर झोपला आणि क्लचच्या डब्याखाली हात घालून म्हणाला, "बूच कुठं आहे?" तिथे पाणी झरून जायला एक भोक असतं. चिखलणीआधी ते बुचाने बंद करायचं आणि काम संपल्यावर उघडायचं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि जुन्या ट्रॅक्टरला बूच नव्हतंच. पाणी सरळ प्लेटपर्यंत गेलं होतं.

चूक माझीही होती. पण पुढचे अकरा दिवस माझ्या चुकीचे नव्हते. त्या मॉडेलची क्लच प्लेट बेळगावात नव्हती, कोल्हापुरातही नव्हती. डीलर रोज उद्याचं सांगत होता. तोवर रोप वयात गेलं, भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला तेव्हा लावलेलं भात फुटव्याला कमी पडलं, आणि त्या वर्षी बासमती घरापुरतीच झाली.

तेव्हापासून मी शोरूममध्ये जाण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात जातो. जे मॉडेल मनात आहे त्याची क्लच प्लेट, डिझेल फिल्टर, पाण्याचा पंप, पुढच्या ॲक्सलचं ऑइल सील आणि पीटीओचं (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं) सील, या पाच वस्तू आज काउंटरवर आहेत का ते विचारतो. महिंद्रा, स्वराज आणि मॅसी यांत पुढे आहेत, कारण त्यांचे भाग खुल्या बाजारात मिळतात. कुबोटाचे भाग चांगले टिकतात, पण बहुतांशी डीलरकडूनच घ्यावे लागतात. म्हणून कुबोटा घेणाऱ्याने सील आणि फिल्टरचा एक जोड घरात आणून ठेवावा. चिखलात पिंजर आणि दोऱ्या रोटरच्या शाफ्टला आणि ॲक्सलला गुंडाळल्या जातात, आणि सील तिथूनच कापलं जातं. संध्याकाळी कोयत्याने त्या कापून काढायला दहा मिनिटं लागतात.

सरहद्दीचे कागद

आपल्याकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरचं कोटेशनही हातात असतं, आणि कधी ते स्वस्त दिसतं. नवा ट्रॅक्टर अनुदानातून घ्यायचा असेल तर तिकडचा विचार सोडा. कर्नाटकचं अनुदान रयत संपर्क केंद्रातून, एफआयडी (शेतकरी नोंदणी) क्रमांकावर आणि मंजूर यादीतल्याच मॉडेलवर मिळतं. पहाणी (आपल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा) आणि अर्ज कन्नडमधून असतात, तेव्हा पहाणीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का ते आधीच कुणाकडून तरी वाचून घ्या. नाव जुळलं नाही तर हंगाम निघून जातो.

एमएच ०९ चा जुना ट्रॅक्टर घेणार असाल तर तिकडच्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

दराबद्दल एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायर-सुट्या भागांवरचाही १८ वरून ५ वर. त्याआधीचं कोटेशन कुणी दाखवत असेल तर ते बाजूला ठेवून नवं मागा. रोटर त्या रकमेत धरला आहे का, हेही विचारा. २४ एचपीला साडेतीन फुटांच्या आसपासचा रोटर पुरतो. मोठा रोटर गळ्यात मारला तर ओल्या काळीत इंजिन गुदमरतं.

आणि डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका. पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, वाफसा (मशागतीजोगी ओल) अजून यायचा असताना, आपल्याच शिवारात मागा. जो डीलर तेव्हा ट्रॅक्टर पाठवतो तो जुलैत मेस्त्रीही पाठवेल, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आमच्यापुरतं सांगायचं तर मी जिवो २४५ वर थांबलोय. वडिलांचं मन कुबोटावर होतं आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण ज्या दुकानात मी त्या पाच वस्तू विचारल्या तिथे पाचही काउंटरवर आल्या, आणि ते दुकान आमच्या बांधापासून अर्ध्या तासावर आहे. राजहंसगडाखालच्या दीड एकराची नांगरट मात्र यंदाही शेजारच्या काकांच्या २७५ वरच होईल. त्यांना तसं सांगूनही ठेवलंय.