जुनी गाडी: डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून?

चार-पाच लाखांचं बजेट ठरलं की घरातली चर्चा आधी मॉडेलवर सुरू होते. वॅगन-आर की आय-टेन, सीएनजी हवा की नको, ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मोजायचे का. यावर सल्ला देणारे प्रत्येक सोसायटीत आहेत, म्हणून ते सोडून देतो. गाडी कुणाकडून घ्यायची हा प्रश्न मात्र बहुतेक जण शेवटी आणि घाईत उरकतात. माझ्या मते गाडी चांगली निघणार की डोक्याला ताप होणार हे मॉडेलपेक्षा त्यावर जास्त ठरतं.

मी दोन्हीकडे फिरलो आणि अखेर मालकाकडून घेतली. तरी डीलरच्या दारात पाऊल टाकू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या मेहुण्याने डीलरकडून घेतलेली गाडी आजही कुरकुर न करता चालते आहे, आणि काही लोकांसाठी तोच रस्ता बरा आहे.

डीलरची पहिली सोय म्हणजे एका दुपारी आठ-दहा गाड्या शेजारी-शेजारी बघता येतात. मुंबईत हे लहान सुख नाही. मालकांच्या गाड्या बघायच्या तर शनिवारी दहिसर, रविवारी चेंबूर, आणि पोचल्यावर कळतं की गाडी कालच गेली. शिवाय कर्ज हवं असेल तर डीलरचा बँकेशी रोजचा व्यवहार असतो. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्तच पडतं, पण कागदपत्रांची पळापळ तो करतो. तुमची आधीची गाडीही तिथेच ठेवून घेतो. आणि विकणाऱ्याच्या गाडीवर हप्ते बाकी असतील, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र), त्यासोबतचा फॉर्म ३५, आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा म्हणजे कर्जाची नोंद उतरवणं, हे सगळं डीलरच्या अंगावर जातं. हाच व्यवहार मालकाबरोबर करायचा तर पैसे आधी त्याच्या कर्जखात्यात भरायचे आणि एनओसीची वाट बघायची. दोघांचा एकमेकांवर चांगलाच विश्वास असल्याशिवाय ते जमत नाही.

वॉरंटीचा मात्र मला फारसा आधार वाटला नाही. मला दाखवलेल्या कागदांत ती बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती होती. मुंबईच्या गाडीचा आधी जातो तो क्लच, आणि तो नेमका त्यात नव्हता.

किमतीत फरक पडणारच, कारण डीलरला त्यावर पोट भरायचं आहे. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवरच्या त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. चार लाखांत घेतलेली गाडी त्याने चार लाख साठ हजारांना विकली, तर मधल्या ६०,००० वर १०,८०० रुपये कर झाला. दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराला हा कर नाही. पण डीलर चांगला असेल आणि त्या साठ-सत्तर हजारांत माझी झोप शाबूत राहणार असेल, तर मी ते आनंदाने दिले असते. माझं मन फिरलं ते पैशांमुळे नाही.

पश्चिम उपनगरातल्या एका डीलरकडे पांढरी हॅचबॅक आवडली होती. ०२ पासिंग (म्हणजे एमएच-०२, अंधेरी आरटीओची नोंदणी), फर्स्ट ओनर, किलोमीटर कमी. बॉनेट उघडल्यावर उजव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे फेंडर कधीतरी खोलला होता. त्यात गैर काही नाही. पाच-सात वर्षं या शहरात फिरलेल्या गाडीला कुठे घासलंच नाही असं होत नाही. मला फक्त विचारायचं होतं की झालं काय होतं. विकणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, डॉक्टरांची गाडी आहे, घर ते क्लिनिक एवढीच फिरायची." मी म्हटलं, डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलता येईल का? "ते आम्ही देत नाही सर." सर्व्हिस कुठे व्हायची? बघून सांगतो. बॅटरी कधी बदलली? फाइलमध्ये असेल. पावसाळ्यात गाडी कुठे उभी असायची? त्यावर तो नुसता बघत राहिला. फाइल दाखवा म्हटलं, तर आधी टोकन भरा.

दुसऱ्या डीलरकडे, तिसऱ्याकडे, थोड्याफार फरकाने हेच. हे लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. गाडी त्यांच्या अंगणात येऊन महिनाही झालेला नसतो, तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल त्यांना माहीतच नसतं. आधीच्या मालकाचा नंबर न देण्यामागचं कारणही समजू शकतो, कारण त्याने गाडी कितीला दिली हे गिऱ्हाइकाला कळलं तर पुढचं बोलणं अवघड होतं. पण यात नुकसान घेणाऱ्याचं होतं. गाडीची सगळी माहिती ज्या एका माणसाजवळ आहे, तोच तुमच्यापासून तोडला जातो. वरून रबिंग-पॉलिश आणि आतून ड्रायक्लीनिंग झाल्यामुळे गाडीच्या अंगावरच्या खुणाही पुसल्या जातात. मग तुमच्या हातात उरतो तो मीटरवरचा आकडा.

तो आकडा मुंबईत फारच फसवा असतो. इथे लोक कामाला लोकलने जातात, त्यामुळे सात वर्षांत तीस हजार किलोमीटर हे खरंही असू शकतं. आणि खरं असलं तरी ते तीस हजार पश्चिम द्रुतगती मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या दाबलेल्या क्लचवर काढलेले असतात. पुण्याला दर शनिवारी जाणारी साठ हजारांची गाडी कदाचित जास्त निरोगी असेल. समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून गंजते. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल या भागांत पाणी भरलं की चाकापर्यंत बुडालेल्या गाड्या दर पावसाळ्यात दिसतात, आणि त्यातल्या काही नंतर विकायला येतात. म्हणून "पावसात गाडी कुठे उभी असायची" हा माझा हट्टाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस मला हवा होता.

शेवटी घेतली ती मुलुंडच्या एका निवृत्त काकांची गाडी. त्यांनी चावी हातात देण्याआधीच सांगून टाकलं: दुसरा गिअर सकाळी जरा अडतो, मागच्या डाव्या दाराचं रबर गेलंय म्हणून जोराचा पाऊस आला की मॅट ओलं होतं, पुढचा बंपर रिक्षाने फोडला होता तो बदललाय, बिल आहे. बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेने लावलेली होती. काकूंनी आतून आठवण करून दिली की एसीचा गॅस मागच्या उन्हाळ्यात भरलाय. मी विनंती केल्यावर काकांनी स्वतःच्या फोनवरून सर्व्हिस सेंटरला विचारलं आणि सगळ्या सर्व्हिसची नोंद मागवली. मीटर मागे केलंय की नाही हे कळायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही, कारण प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. माझ्या माहितीत ही नोंद सेंटरवाले सहसा नोंदणीकृत मालकालाच देतात. डीलरकडे मी अडलो होतो ते इथेच.

सगळे मालक असे नसतात. काही जण लपवतात. पण मालकाला विचारता येतं, आणि त्याने दिलेलं उत्तर बिलाशी, नोंदीशी ताडून बघता येतं. ज्याच्याजवळ उत्तरच नाही त्याला काय ताडणार? आणि सोसायटीत गेलात तर सकाळी गाड्या धुणाऱ्या मुलाशी दोन मिनिटं बोला. गाडी रोज निघते की महिनोन्महिने कव्हरखाली असते, पाणी कुठपर्यंत येतं, कुठला पत्रा नवा आहे, हे त्याला मालकाइतकंच माहीत असतं.

मालकांकडचा खरा त्रास किमतीचा. माणूस गाडीवर जीव लावून बसलेला असतो आणि नवी घेतली तेव्हाचं बिल समोर ठेवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. म्हणजे त्या जुन्या बिलाला आता काही अर्थ उरला नाही. तुलना आजच्या शोरूम किमतीशीच करायची. डीलरला हे सांगावं लागत नाही, मालकाला हळुवारपणे समजवावं लागतं. आणखी एक इशारा: सैन्यात आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, आधी थोडे पैसे पाठवा, असं म्हणणारा फोनवरचा "मालक" हा भामटा असतो. आरसीवरच्या पत्त्यावर जाऊन, आरसी आणि आधारवरचं नाव जुळवून, दिवसाउजेडी गाडी बघायची. ओळखीत विचारलं तर हा धोका जवळपास राहतच नाही. ऑफिसचा ग्रुप, नातेवाईक, सोसायटीचा वॉचमन, सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर, इथूनच चांगल्या गाड्या निघतात.

नाव बदलण्याच्या कामात डीलर सरस, असा समज आहे. मला उलट अनुभव आला. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी प्रत्यक्षात कुणाकडेही असो. त्यामुळे काकांना माझ्याइतकीच घाई होती. तेच रोज फोन करून विचारायचे, "झालं का हो ट्रान्सफर?" डीलरकडच्या व्यवहारात आधीचा मालक सह्या करून मोकळा झालेला असतो, डीलरला पैसे मिळालेले असतात, आणि घाई एकट्या घेणाऱ्याला उरते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद झाली की जबाबदारी त्याच्यावर येते. नियम चांगला आहे. डीलरकडे गेलात तर पहिल्यांदा ते अधिकारपत्रच दाखवायला सांगा.

आणि जायचंच असेल तर टोकनच्या आधी तीन गोष्टी मागा. गाडीचा नंबर, म्हणजे एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर कितवा मालक आणि बोजा आहे का ते दिसतं, ई-चलन किती थकलीत तेही तपासता येतं. दुसरी, चालू विम्याची प्रत. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघा. एकही क्लेम न घेता पाच वर्षं गेली तर तो ५० टक्क्यांवर पोचतो. सहा वर्षांच्या फर्स्ट ओनर गाडीवर तो शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी, आणि कशासाठी हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. (हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा तुमच्या नावावर करताना फरक भरावा लागेल, आणि ते काम १४ दिवसांत उरका.) तिसरी, एकच आकडा: ट्रान्सफर, विमा, फाइल चार्ज सगळं धरून, सहीनिशी. गाडी पसंत पडली नाही किंवा कागद चुकीचे निघाले तर टोकन परत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यायचं. काही रक्कम ट्रान्सफरची पावती मिळेपर्यंत राखून ठेवायला डीलर सुरुवातीला नाही म्हणतात, महिनाअखेर जवळ आली की बरेच जण तयार होतात.

दोन्हीकडे आपला मेकॅनिक न्याच. तो हजार-पंधराशे घेईल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला लावा, कारण पाण्यात गेलेल्या गाडीचा चिखल तिथे राहतो, आणि स्टेपनी काढून खालचा पत्राही. परराज्याचं पासिंग असेल, विशेषतः दिल्लीचं, तर मी वाटेला जात नाही. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यापासून पुष्कळ गाड्या बाहेर पडल्या, आणि इथे नोंदवताना तिथल्या आरटीओची एनओसी लागते, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो.

तुम्हाला कर्ज हवं असेल, जुनी गाडी देऊन टाकायची असेल किंवा पंधरा दिवसांत गाडी दारात हवी असेल, तर डीलर बघा, तुमचं बहुधा बरंच चालेल. हातात महिना-दोन महिने असतील तर मी तरी मालकच शोधेन. त्याला गणपती ते दसरा हा काळ चांगला. दसऱ्याच्या मुहूर्ताला नवी गाडी घेणारे तेव्हा शोरूममध्ये जुनीची एक्स्चेंज किंमत विचारून आलेले असतात, आणि बहुतेकांना ती कमी वाटलेली असते. त्यांना तो आकडा सरळ विचारा, एक्स्चेंज बोनस धरून किती होतो ते बघा, आणि त्यावर पंधरा-वीस हजार द्यायची तयारी ठेवा. पाऊसही तेव्हा पुरता गेलेला नसतो, त्यामुळे दाराचं रबर आणि मॅटखालची ओल तिथल्या तिथे हात लावून बघता येते.