काच ओली असताना दिलेले पैसे

आम्ही सोळाव्या मजल्यावर राहतो. घरात सरकत्या खिडक्यांच्या झडपा सोडल्या, तर कायमची बसवलेली अशी नऊ तावदाने आहेत आणि त्यांची बाहेरची बाजू आतून कोणत्याही उपायाने हाताला लागत नाही. काही वर्षांत त्यांच्यावर पावसाचे, वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचे आणि धुळीचे असे थर बसले होते, की संध्याकाळचे तिरपे ऊन आले म्हणजे समोरचे काहीही न दिसता केवळ पांढरे ओघळ दिसत. ते काढण्यासाठी आम्ही ज्या माणसांना बोलावले, त्यांनी आमची नऊपैकी आठ तावदाने कायमची बिघडवली आणि त्याचे पैसे आम्ही समाधानाने, जवळजवळ आभार मानत दिले. हे कसे घडले ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशी फसवणूक करणारी माणसे एका घरावर थांबत नाहीत.

आधी आम्ही स्वतः काय करून पाहिले, तेही सांगायला हवे. काचेच्या दोन बाजूंना धरणारा चुंबकी पुसणा आणला. त्याचे चुंबक विशिष्ट जाडीच्या काचेसाठी बनवलेले असतात, हे खोक्यावर छापलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. बाहेरचा भाग दुसऱ्याच फेरीत सुटला आणि सुरक्षादोरीला लोंबकळत राहिला. ती दोरी नसती तर काय झाले असते, याचा हिशेब वडिलांनी त्याच रात्री करून दाखवला: ४५ मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा विरोध धरला नाही तर, सुमारे ३ सेकंदांत आणि ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने खाली पोहोचते. पुसणा त्यानंतर माळ्यावर गेला. जमिनीवरून लांब दांडीने शुद्ध पाणी सोडत काच धुण्याची जी पद्धत असते, ती साधारण पाच-सहा मजल्यांपर्यंतच सोयीची ठरते. म्हणजे आमच्यासाठी उरला तो गच्चीवरून दोराने उतरणारा माणूस.

इमारतीत दुसऱ्या एका घरी काम करून परतताना एक गृहस्थ आमच्याकडे आले. बोलणे मृदू, कपडे स्वच्छ, हातात काचेच्या नमुन्यांची पेटी. त्यांनी सरकत्या झडपेच्या बाहेरच्या बाजूवर, हात पोहोचेल एवढ्या तळहाताएवढ्या जागेत प्रात्यक्षिक दाखवले. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतला द्रव फडक्यावर घेऊन त्यांनी ती जागा घासली, पाण्याने धुतली आणि मग एका लहान बाटलीतले दोन थेंब त्यावर पसरले. जागा लखलखली. त्यावर पाणी उडवले, तेव्हा त्याचे गोल थेंब होऊन घरंगळून गेले. हे ‘नॅनो कोटिंग’ आहे, यानंतर दहा वर्षे डाग धरणार नाही आणि तसे लेखी हमीपत्र मिळेल, असे त्यांनी सांगितले. नऊ तावदानांची सफाई आणि कोटिंग मिळून एक रक्कम ठरली. तीतली निम्मी त्यांनी आगाऊ मागितली, आणि आम्ही दिली.

त्या प्रात्यक्षिकात खोटे काय होते, हे मला फार उशिरा समजले, म्हणून ते इथेच सांगते. काचेवरचे पांढरे डाग सगळे एका जातीचे नसतात. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सौम्य आम्लाने, म्हणजे व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्याने, सुटतात. त्याला वेळ लागतो, पण काचेला धक्का लागत नाही. सिलिकाचा, म्हणजे वाळूत असतो त्या द्रव्याचा, थर मात्र या आम्लांना दाद देत नाही. तो विरघळवतात ती हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेली रसायने, आणि मुळात खिडकीची काचच सुमारे ७० टक्के सिलिकाची बनलेली असते. त्यामुळे असल्या द्रवाला डाग कुठे संपतो आणि काच कुठे सुरू होते, हे कळत नाही. तो दोन्ही खातो. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, प्रकाश त्यांवर विखुरतो आणि काच धुरकट होते.

मग प्रात्यक्षिकाच्या वेळी ती लखलखली कशी? कारण ती ओली होती. घासलेली काच ओली केली की ती पारदर्शक दिसते, हे स्नानघराच्या दुधी काचेवर पाणी टाकून कोणालाही पाहता येईल. खड्ड्यांत हवेऐवजी पाणी भरते, पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, (१.३३) काचेच्या (सुमारे १.५) हवेपेक्षा पुष्कळ जवळचा असतो, आणि प्रकाश जवळपास सरळ पार जातो. पाणी वाळते, तेल लवकर वाळत नाही. सिलिकॉन तेलाचा अपवर्तनांक १.४ च्या आसपास, म्हणजे काचेच्या आणखी जवळचा. त्या लहान बाटलीतले दोन थेंब हे बहुधा असे काहीतरी होते: खड्डे झाकणारे आणि वर पाण्याचे गोल थेंब करून दाखवणारे. पाणी गोल होऊन घरंगळले म्हणजे पृष्ठभागाला पाणी चिकटत नाही, एवढेच सिद्ध होते; ते आज चिकटत नाही की दहा वर्षे चिकटणार नाही, हे त्यातून कळत नाही. मेणाच्या पुसट हाताने किंवा तेलाच्या पातळ थरानेही तेच दृश्य दिसते.

कामाच्या दिवशी ते गृहस्थ स्वतः आले नाहीत. दोन मुले आली. एक गच्चीवर थांबला, दुसरा दोराने उतरला. तो खिडकीसमोर आला तेव्हा मी काचेकडे पाहत होते. वडील त्याच्याकडे पाहत होते.

“याचा दुसरा दोर कुठे आहे?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “बाबा, त्यांचे रोजचे काम आहे, त्यांना ठाऊक असेल.” या सगळ्या प्रकरणातले हे माझे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. दोराने उतरून काम करण्याच्या मान्य पद्धतीत प्रत्येक माणसाला दोन दोर असतात, एक कामाचा आणि एक राखीव, आणि ते दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असतात. अंगात पूर्ण शरीराला बांधणारा हार्नेस असतो, कमरेचा नुसता पट्टा चालत नाही. राखीव दोरावर, पडल्यास आपोआप पकडणारे साधन असते. आणि कठड्याच्या कडेला दोर घासून तुटू नये म्हणून त्याखाली जाड आवरण घातलेले असते. या मुलाला एकच दोर होता. नंतर गच्चीवर गेल्यावर कळले, की तो पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या नळाला बांधला होता.

त्या मुलाचे रबरी हातमोजे बोटांशी फाटलेले होते. मधल्या वेळात त्याने उघड्या झडपेतून हात पुढे करून, “ताई, हातावर जरा पाणी घाला,” असे म्हटले आणि मी एक तांब्या पाणी घातले. तो बोटांवर फुंकर मारत होता. बाटलीत काय होते हे ना त्याला माहीत होते, ना मला. फ्लोराइड असलेल्या आम्लाचा चटका सौम्य असेल तर लगेच जाणवत नाही, काही तासांनी वेदना सुरू होतात आणि तोवर ते त्वचेखाली शिरलेले असते. त्यावर नुसते पाणी पुरत नाही. भरपूर धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते आणि डॉक्टरांकडे जावे लागते. हे मी आता लिहू शकते. त्या दिवशी मी त्याला पाणी आणि टॉवेल दिला, आणि तो पुढच्या खिडकीकडे सरकला. त्या मुलाला फसवणाऱ्यांत मी धरत नाही.

काम दुपारपर्यंत उरकले. गृहस्थ नेमके शेवटच्या अर्ध्या तासात उगवले, नळीने सगळ्या तावदानांवर एकदा पाणी मारायला सांगितले आणि काचा निथळत असतानाच उरलेली रक्कम मागितली. दुसऱ्या कामाला पोहोचायचे आहे, असे कारण दिले. बाहेरचे दृश्य इतके स्वच्छ दिसत होते, की खिडकीत काच आहे की नाही असा प्रश्न पडावा. आम्ही पैसे दिले. हमीपत्र जाड, गुळगुळीत कागदावर छापलेले होते. त्यावर शिक्का होता, चमकदार चिन्ह होते, आणि पत्त्याच्या जागी इमारतीचे नाव व खोली क्रमांक होता. कोटिंगचे नाव, बनवणाऱ्याचे नाव, वापरलेल्या रसायनाचा उल्लेख यांपैकी काहीच नव्हते.

पुढे तीन आठवडे काही झाले नाही. मग दोन जोरदार सरी येऊन गेल्या आणि स्वच्छ ऊन पडले, त्या संध्याकाळी दिवाणखान्याची काच मला आतून कोणी श्वास सोडल्यासारखी दिसली. आतली बाजू पुसली, फरक पडला नाही. सरकत्या झडपेवर जिथे प्रात्यक्षिक झाले होते, ती तळहाताएवढी जागा मी बाहेर हात काढून साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली आणि पूर्ण वाळू दिली. भोवतालच्या काचेपेक्षा ती जागा दुधाळ होती, आणि फडक्याचे गोल फटकारे तिच्यात उमटलेले होते. हीच परीक्षा मी पैसे देण्यापूर्वी करू शकले असते. त्याला एक दिवस आणि थोडा साबण एवढेच लागले असते. ॲल्युमिनियमच्या चौकटीवरही ओघळांच्या वाटेने खरबरीत, फिकट रेघा उठल्या होत्या, कारण तीव्र आम्ल ॲल्युमिनियमलाही सोडत नाही.

काचकामाच्या एका जुन्या कारागिराला दाखवले. त्याने काच बोटाने चाचपली, ओला फडका फिरवला, ती स्वच्छ झालेली दाखवली, वाळताना पुन्हा धूसर होत गेलेली दाखवली, आणि डाग काढून टाकता येतो, खड्डा काढून टाकता येत नाही, एवढेच बोलला. उथळ खड्डे सेरियम ऑक्साइडने घासून काही प्रमाणात कमी होतात. परंतु ते काम काचेच्या त्याच बाजूवर, म्हणजे बाहेर लोंबकळत, तासन्‌तास करावे लागेल आणि जास्त घासले तर काचेतून पलीकडचे वेडेवाकडे दिसू लागेल. तावदान बदलणे त्यापेक्षा सोपे, असे त्याचे मत पडले. सोपे म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितले: १ चौरस मीटर, ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन साडेबारा किलो भरते, आणि ती सोळाव्या मजल्यावर बाहेरून बसवायची.

हमीपत्रावरचा फोन पहिल्या दोन वेळा उचलला गेला. काचेची गुणवत्ताच वाईट आहे, असे पहिल्यांदा सांगण्यात आले. तुम्ही हमीच्या अटी मोडून साबण वापरलात, असे दुसऱ्यांदा. त्यानंतर तो क्रमांक लागला नाही, आणि पत्त्यावरच्या इमारतीत त्या क्रमांकाची खोलीच नव्हती. आम्ही तक्रार नोंदवली आहे, पण हातात पुरावा म्हणून काय आहे, हे पाहिल्यावर आमचा निष्काळजीपणा आम्हालाच लाजवतो: बाटलीचे छायाचित्र नाही, उतरणाऱ्या मुलांची नावे नाहीत, कामापूर्वीच्या कोरड्या काचेचे एकही चित्र नाही. आहेत ती कामानंतरची, ओल्या, झळझळीत काचेची, आणि ती सगळी त्यांच्याच बाजूने साक्ष देतात.

ही फसवणूक इतकी सहज होते याचे कारण, माझ्या मते, त्या गृहस्थांच्या हुशारीपेक्षा खिडकीच्या जागेत आहे. जिथे आपला हात पोहोचत नाही, तिथे आपले बोटही पोहोचत नाही. पृष्ठभाग खरबरीत झाला आहे की गुळगुळीत, हे आतून कळायला मार्ग नसतो आणि आपण केवळ डोळ्यांवर अवलंबून राहतो. म्हणून तपासणी कामाच्या आधी, हाताला लागणाऱ्या काचेवर आणि दुसऱ्या दिवशी, कोरड्या अवस्थेत, साबणाने धुऊन आणि तिरप्या उजेडात व्हायला हवी. रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे, आणि त्यात फ्लोराइडचा उल्लेख असेल किंवा ते पत्रकच नसेल, तर काम थांबवावे. उतरणाऱ्यांचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मुदतीत आहे का, तेही पाहावे; ‘इराटा’ या दोरकामाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते, त्यात तीन स्तर असतात आणि कामाच्या जागी तिसऱ्या स्तराचा पर्यवेक्षक असावा लागतो. आणि पैसे द्यायच्या आधी गच्चीवर जाऊन दोर किती आहेत आणि कशाला बांधले आहेत, ते पाहून यावे. ज्याला आपल्या माणसाच्या जिवासाठी दुसरा दोर परवडत नाही, तो आपल्या काचेची काळजी घेईल, हे मानायला मला तरी तेव्हा काही आधार नव्हता.

नंतर इमारतीच्या व्यवस्थापनाने बाहेरच्या सफाईसाठी एक प्रशिक्षित तुकडी आणली. दोन दोर, दोन बांधण्या, आणि कडेला आवरणे होती. वडील स्वतः वर जाऊन पाहून आले. तुकडीतल्या माणसांनी आमच्या काचा पाहून मान हलवली. नववे तावदान, अभ्यासिकेतले, नळांच्या मागे आडोशाला आहे. तिथवर आधीच्या मुलाचा दोर वळला नव्हता, आणि आम्ही त्याचेही पैसे भरले होते. या तुकडीतल्या माणसाने त्यावर सायट्रिक आम्लाचे पाणी लावले, ते वाळू न देता तीन वेळा लावले, मऊ फडक्याने पुसले, साध्या पाण्याने धुतले आणि रबरी वायपरने वरून खाली ओढले. मी त्याला वाळेपर्यंत थांबायला सांगितले, आणि तोही न कुरकुरता थांबला. घरातून बाहेरचे नीट दिसते, असे तावदान सध्या तेवढे एकच आहे. वडिलांनी आपली खुर्ची तिथे हलवली आहे.