फ्लॅटमध्ये चान्या: पाच जाळ्यांचा डिहायड्रेटर

आमच्या लातूरकडे चान्या, म्हणजे वाळवलेलं मांस, घालायच्या म्हटलं की मीठ-हळद चोळलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या, अंगणात बांधलेली दोरी आणि कावळे-मांजरं हाकायला काठी घेऊन बसवलेलं एखादं पोर. पिंपरीतल्या बाल्कनीत हे जमायचं कसं? कुरडयांच्या वाळवणाचं कौतुक करणारे शेजारीच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतील. म्हणून फळं-भाज्या सुकवायचं मशीन ऑनलाइन मागवलं.

मशीन साधं आहे. खाली पंखा आणि हीटर, वर एकावर एक बसणाऱ्या पाच गोल जाळ्या, ३५ ते ७० अंशांचं बटण. सोबतच्या पुस्तिकेत सफरचंद, टोमॅटो, कढीपत्ता सगळं आहे, मांसाबद्दल अवाक्षर नाही. माझा पहिला गुण इथेच कापला, कारण मांस नुसतं सुकवून भागत नाही. अमेरिकेचं कृषी खातं जर्कीसाठी (त्यांच्याकडच्या सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या) सांगतं की सुकवण्याआधी मांस आतपर्यंत ७१ अंश तापलं पाहिजे, कोंबडी असेल तर ७४. बटण ७० वर नेलं म्हणजे झालं, असं नाही. ओल्या मांसातून पाणी उडत असतं तोवर ते भोवतालच्या हवेपेक्षा थंडच राहतं, आणि एकदा सुकलं की उरलेले जंतू उष्णतेला दाद देत नाहीत. मी पट्ट्या आधी मसाल्याच्या पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळतो, सगळ्यात जाड पट्टीत थर्मामीटर खुपसून बघतो, निथळतो आणि मगच जाळीवर पसरतो.

मांस रेड्याचं, मांडीचं. (२०१५ पासून राज्यात बैल कापणंही बंद, तेव्हा मोठ्याचं म्हणजे हेच.) चरबी सुकत नाही, खवट मात्र होते, त्यामुळे पांढरं दिसेल ते सगळं काढायचं. तास-दीड तास फ्रीजरमध्ये घट्ट केलं की अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या सरळ निघतात. रेषेला आडव्या कापल्या तर दाताला सोप्या, रेषेसोबत कापल्या तर चघळत बसा. मला चघळायच्याच आवडतात. मीठ, तिखट, लसूण, चिमूटभर काळा मसाला, बस.

६५ अंशांवर सहा तास लागतात. ३५० वॅटचं मशीन, म्हणजे वीज दोन युनिटच्या आसपास, तक्रार नाही. तक्रार जाळ्यांची आहे. खालच्या पट्ट्या कडक होतात तेव्हा वरच्या लुसलुशीतच असतात, कारण हवा वर पोचेपर्यंत दमट झालेली असते. मधून मधून जाळ्या खालीवर करत राहावं लागतं, म्हणजे घर सोडून कुठे जाता येत नाही. शिवाय मसाल्याचं पाणी ठिबकतं ते थेट पंख्यात. खिसा परवानगी देत असेल तर मागे पंखा असलेलं, कपाटासारखं मशीन घ्या.

पट्टी थंड करून वाकवायची. ती चिरली पाहिजे, आतले पांढरे धागे दिसले पाहिजेत, पण मोडता कामा नये. किलोभर मांसाच्या पाव किलोच्या थोड्या वर भरतात. हवाबंद बरणीत महिनाभर राहतात. पावसाळ्यात मी फ्रिजच गाठतो.

आता चव. येता-जाता तोंडात टाकायला फक्कड. पण चान्या म्हणून? निखाऱ्यावर भाजून, पाट्यावर ठेचून डाळीत सोडल्या की कमी पडतात. आधी उकळल्यानं रस निम्मा पाण्यात उतरलेला असतो (ते पाणी मी वरणात घालतो), आणि उन्हात येणारा तो उग्र वास मशीनमध्ये काही येत नाही. आत्यानं एक तुकडा चावला, "बिस्कीट हाय की रं हे!" म्हणाली आणि बोलत बोलत डबा रिकामा केला.

धुताना एक जाळी तडकली. सुटी जाळी मिळेल का म्हणून कंपनीला विचारलं, तर नव्या मशीनवर सूट देतो असा मेसेज आला. सध्या चार जाळ्यांवर चाललंय.