लो सोडियम मीठ घेताय? आधी पाकीट उलटं करून वाचा

घरात किडनीचा पेशंट आहे म्हणून लो सोडियम मीठ मागवणार असाल तर थांबा, त्यासाठीच हा रिव्ह्यू टाकतेय. पाकिटावर पुढे हार्टचं चित्र, 'सोडियम कमी' हे ठळक अक्षरात, आणि मागे जिथे पाकीट चिकटवलंय तिथे अगदी बारीक अक्षरात की किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा. अहो, हे मीठ शोधत येतो कोण, पथ्यवालाच ना! ही ओळ पुढे छापायला काय झालं होतं?

चवीचं म्हणाल तर दिसायला नेहमीसारखंच, छान मोकळं, पण चिमूटभर जिभेवर ठेवलं की आधी खारट लागतं आणि मग मागून कडवट, स्टीलचा चमचा चाटल्यासारखं. गरम सूपमध्ये चालून जातं, सॅलडवर भुरभुरलं तर लगेच कळतं.

आता मुद्द्याचं. सोडियम कमी करून खारटपणा टिकवायला यात पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते, कमजोर किडनीला ते झेपत नाही, मग ते रक्तात साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि बरेचदा आधी काही जाणवतही नाही. त्यात रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यातली गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी वाढू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली खरी, पण किडनीच्या रुग्णांना त्यातून स्पष्ट वगळलंय.

मग करायचं काय? साधंच मीठ, पण मोजून. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक टीस्पून, सोडियम साधारण 2 ग्रॅम, आणि यात ब्रेड, चीज, सॉस, चिप्स, इन्स्टंट नूडल्स सगळ्यातलं मीठ धरून बरं का. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं, पण आकडा 100 ग्रॅमचा आहे का एका सर्व्हिंगचा ते बघा, तिथेच गंडवतात. डबाबंद भाज्या पाण्याने धुऊन घेतल्या की थोडं मीठ जातं. लिंबू, मिरी, लसूण, व्हिनेगर यांनी चव बरीच भरून निघते, पहिले काही आठवडे अळणी लागतं मग जिभेला सवय होते. आणि कोणी गुलाबी मीठ सुचवलं तर तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच आहे, रंगावर जाऊ नका.

रेटिंग: किडनी ठणठणीत असेल आणि फक्त बीपी असेल तर 4 स्टार, तरी गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. किडनीवाल्यांसाठी शून्य देता येत नाही इथे, म्हणून 1.