पिस्टन मागे कशाने दाबायचा: टॉमी, सी-क्लॅम्प की फिरवायचं टूल?

मृग लागायच्या आधी गाडीचे ब्रेक पॅड बघून घ्यायचे, ही बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरची जुनी सवय. पाऊस सुरू झाला की जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरायचा असतो, कधी तवंदी घाटातून निपाणी गाठायची असते, आणि ओल्या उतारावर ब्रेकची परीक्षा नको. यंदा मे महिन्यात दोघांनी एकच प्रश्न विचारला. निपाणीचा मावसभाऊ, त्याच्याकडे स्विफ्ट. आणि शेजारचे काका, त्यांच्या गाडीला चारही चाकांना डिस्क. दोघांनाही पॅड घरीच बदलायचेत. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आत ढकलायला कुठलं हत्यार घ्यावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. उत्तर मात्र दोघांना वेगवेगळं द्यावं लागलं.

पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत राहतो. नव्या पॅडांना जागा करायची तर तो परत आत जायला हवा. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे कारखाने आहेत, तिथे काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही: कॅलिपर म्हणजे छोटा हायड्रॉलिक सिलिंडरच. पिस्टन सरळ आत जायला हवा, त्याच्या अंगावर ओरखडा येता कामा नये आणि रबरी सील फाटता कामा नये. हत्यार निवडताना मी आणखी एक गोष्ट बघतो. पिस्टन किती जड जातोय ते हाताला कळतंय का? कारण ब्रेकची तब्येत तिथेच कळते.

सगळ्यात स्वस्त उपाय टॉमीचा, म्हणजे उचकटायच्या लोखंडी कांबीचा, किंवा मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचा. पॅड आणि डिस्कच्या फटीत घालायचा आणि उचकटायचं. बरेच मेकॅनिक असंच करतात आणि सरावलेल्या हाताने निभावतंही. मी ते एकदा केलं, कॅलिपर काढल्यावर, थेट पिस्टनच्या कडेवर टॉमी टेकवून. पिस्टन तिरका झाला आणि रबरी बुटाला, म्हणजे पिस्टनभोवती धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणाला, बारीक चीर गेली. तेव्हा ती दिसली नाही. पावसाळाभर खानापूरकडची तांबडी माती आणि पाणी आत जात राहिलं, पिस्टन गंजून जाम झाला आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढू लागली. घाट उतरून थांबलो तर त्या चाकाला हात लावेना इतकी धग. त्या दिवसापासून कॅलिपरजवळ टॉमी नेलेली नाही. हत्याराशिवाय करायचंच असेल तर जुने पॅड आत असतानाच कॅलिपरची बॉडी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. पिस्टन पॅडच्या पूर्ण पाठीवर दाबला जातो आणि सरळ सरकतो. पूर्ण आत जातोच असं नाही, पण कॅलिपर सुटण्यापुरती जागा होते.

मावसभावाला मी सांगितलं ते सी-क्लॅम्प, म्हणजे इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा, स्क्रूने आवळायचा शिकंजा घ्यायला. सहा इंची पुरतो, हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो आणि पुढे सुतारकामालाही लागतो. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवायचा, क्लॅम्पचा स्क्रू पॅडच्या मधोमध आणि दुसरं टोक कॅलिपरच्या पाठीवर. मग अर्धा अर्धा फेरा, मध्ये जरा थांबत. निरोगी पिस्टन एकसारखा, जड पण गुळगुळीत जातो. अडखळत गेला तर काहीतरी बिघडलंय. उद्यमबागेतले एक म्हातारे मिस्त्री मला नेहमी म्हणायचे, ‘‘निधान, निधान. अडला तर जोर काढू नको, का अडलाय ते बघ की आधी.’’ कानडीतलं ते ‘निधान’, म्हणजे सावकाश, आमच्याकडे मराठी बोलतानाही सहज येतं, आणि या कामाला त्याहून नेमका शब्द नाही.

पिस्टन अडलाच तर एक तपासणी करता येते. ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, थोडा सैल करा आणि पुन्हा दाबा. आता सहज गेला तर पिस्टन ठीक आहे, कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज आतून चोंदला असण्याची शक्यता जास्त. तरीही हलला नाही तर पिस्टनलाच गंज धरलाय, आणि तो कॅलिपर उघडण्याचं काम गॅरेजमध्येच व्हावं.

रॅचेटवाला स्प्रेडरही मिळतो, दोन पट्ट्यांचा, मूठ हलवली की पट्ट्या फाकतात. एका कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर तो फार सोयीचा. क्लॅम्पने एक दाबला की दुसरा बाहेर येतो, स्प्रेडर दोन्ही एकदम ढकलतो. पण रॅचेटमुळे जोर इतका सोपा होतो की अडखळणं हाताला लागत नाही. वर्षातून एकदा पॅड बदलणाऱ्याने एक पिस्टनवाल्या गाडीसाठी तो घ्यावा असं मला वाटत नाही.

काकांची गोष्ट वेगळी. अल्टो, वॅगनआर, स्विफ्टसारख्या गाड्यांना सहसा मागे ड्रम असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला जोडलेली असेल, तर तो पिस्टन बहुधा आतल्या स्क्रूवर बसलेला असतो. तो नुसता दाबून जात नाही, दाबता दाबता फिरवावा लागतो. ओळख सोपी: पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसतात. त्यावर सी-क्लॅम्प आवळलात तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. इथे फिरवायचं किटच हवं. घनाकृती स्वस्त तुकडाही मिळतो, पण तो खाचांतून निसटतो आणि दाबायचं काम हातावरच राहतं. किट घेताना उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही आट्यांचं घ्या, काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. काकांना मी किट विकत न घेता ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणायला सांगितलं. गाडीला बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. ती सोय हाताशी नसेल तर मागची चाकं घरी उघडूच नका.

राहिला ऑइलचा निर्णय: निपल बंद ठेवून दाबायचं की उघडून? दोन्ही पॅड मिळून १५ मिलिमीटर झिजलेत आणि पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा आहे असं धरलं, तर एका चाकातून सुमारे ३० मिली ब्रेक ऑइल वर टाकीत परत येतं. दोन्ही चाकांचं ६० मिली. मध्यंतरी कोणी टाकी काठोकाठ भरली असेल तर ते सांडणार, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. म्हणून आधी सिरिंजने थोडं काढून घ्या, भोवती ओलं फडकं ठेवा. ऑइल स्वच्छ असेल, दोन वर्षांच्या आत बदललेलं असेल, तर मी निपल बंदच ठेवतो, कारण हवा शिरायचा धोका नाही. कोऱ्या चहासारखं काळपट झालं असेल तर ती घाण एबीएसकडे परत ढकलण्यापेक्षा निपलला नळी लावून बाटलीत काढतो. क्लॅम्प सैल करायच्या आधी निपल आवळतो आणि मग सगळंच ऑइल बदलतो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा कमीत कमी उत्कलनबिंदू कोरं असताना २३० अंश, ओल धरल्यावर १५५. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत आणि लांब उतारावर हा फरक जाणवतो.

हत्यार कुठलंही असो, गाडी सपाट जागी, उरलेल्या चाकांना दगड, जॅकच्या जोडीला स्टँड. एका वेळी एकच चाक उघडा. कॅलिपर होजवर लोंबू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. काम संपल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत मारा. पहिले काही दाब पोकळ जातात, आणि नेमका तेव्हाच गिअर टाकला तर गाडी समोरच्या भिंतीवर जाते.

मावसभावाने खडे बाजारातून क्लॅम्प आणला. पहिल्या फेऱ्यानंतर फोन करून म्हणाला, ‘‘गुळगुळीत जायलाय, खरं जरा जड आहे.’’ मी म्हटलं, तसाच जाऊ दे.