जिप्सीचा कॅम दोनदा बदलला: एकदा हौसेनं, एकदा विचारून

माझी जिप्सी १९९८ ची. १२९८ सीसी, आठ व्हॉल्व, कार्ब्युरेटरवाली. कागदावर साठ हॉर्सपावर, त्यातले किती उरले होते ते तिलाच ठाऊक. वरूडकडच्या आमच्या बगीच्यातून संत्र्याचे कॅरेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, बाबांना बाजाराला न्यायचं आणि वर्षातून दोनदा परतवाड्याहून घटांगचा घाट चढून मेळघाटात जायचं, एवढंच तिचं काम. घाटात ती तिसऱ्यात दम सोडायची. म्हणून कॅम, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व उघडमिट करणारा दांडा, बदलायचं खूळ डोक्यात शिरलं.

नागपूरच्या ज्या कॅम घासणाऱ्या काकांबद्दल लिहायला बसलोय, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो. पहिल्यांदा दुसरीकडेच गेलो होतो. तिथं मला एकच प्रश्न विचारला गेला, "कितीचा पायजे?" जणू भाजीच घ्यायला गेलो होतो. मीही शहाणा, म्हटलं मोठ्यातला मोठा द्या. त्यांनी २८० अंशांचा 'रॅली' कॅम घासून दिला (अंश म्हणजे इंजिनच्या फेरीत व्हॉल्व किती वेळ उघडा राहतो त्याचं माप), नऊ हजार घेतले आणि जुन्याच रॉकरवर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणाऱ्या दांड्यांवर, चढवून दिला.

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज ऐकून गल्लीतली पोरं जमा झाली. भल्ली मजा वाटली. दोन दिवसांनी मजा उतरली. आयडलिंग ११०० च्या खाली आणलं की गाडी ताप आल्यासारखी हुडहुडायची. ओढ काही असली तर तीन हजार आरपीएमच्या वर, आणि आमच्या बगीच्यात तीन हजारावर कोण जातं? जुलैत नाल्याजवळ काळ्या मातीत रुतली. लो गिअर टाकून हळूच काढायची सवय, तर आता रेस दिल्याशिवाय हलेना आणि रेस दिली की चाकं जागीच फिरणार. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढली. क्लचचा वास दोन दिवस जात नव्हता. अ‍ॅव्हरेज दहावरून आठवर. पीयूसीला एचसी, म्हणजे धुरातलं न जळालेलं इंधन, १५०० च्या मर्यादेबाहेर. बाबांनी एकदाच विचारलं, "पैसे देऊन बिघडवली का रे?"

काकांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक जुनं ग्राइंडिंग मशीन आणि कोपऱ्यात तारेला बांधून टांगलेले डझनभर कॅम. मी हॉर्सपावर म्हणालो तसं त्यांनी हात वर केला. "भाऊ, ते मंग बोलू. पह्यले सांगा, गाडी चालवता कुठं? टायर कोनते? कार्ब्युरेटर तोच हाय का? अन् कम्प्रेशन कवा तपासलं?" शेवटच्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून या, मगच घासतो, असं म्हणून मला हात हलवत परत पाठवलं. राग आला. पण गावात मिस्त्रीकडून तपासलं तेव्हा चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले आणि तो राग गेला. एखादं सिलिंडर बसलेलं असतं तर कुठलाही कॅम घालून उपयोग नव्हता.

दुसऱ्या फेरीला त्यांनी माझा मूळ कंपनीचा कॅम डायल गेजखाली फिरवला. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब, म्हणजे धुराचा व्हॉल्व उघडणारा कॅमवरचा उंचवटा, बाकीच्यांपेक्षा ०.६ मिलिमीटर बुटका. म्हणजे घाटात दम सुटायचं अर्धं कारण तिथंच होतं, आणि मी ते मोठ्या कॅमच्या नावावर शोधत फिरत होतो. काकांनी हेही सांगून टाकलं की तुमाला कंपनीचा नवीन कॅम मिळाला तर तोच घाला, माझी गरज नाही. धंदा करणारा माणूस असं बोलतो तेव्हा मी तरी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मोठा कॅम खाली का ओढत नाही, हे त्यांनी चहाचा ग्लास पालथा घालून समजावलं. ग्लास म्हणजे पिस्टन. पिस्टन खाली जाऊन परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा, थोडा वेळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता आत शिरत राहते. इंजिन हळू असेल तर वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते ज्या नळीतून आलं तिच्यात, ढकलतो. अंश जितके जास्त तितका व्हॉल्व उशिरा मिटणार आणि खालची ओढ तितकी जाणार. दुसरा भाग ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी उघडे असण्याचा. इनटेक आणि एक्झॉस्टचे अंश सारखे असतील तर हिशेब सोपा: कॅमच्या अंशांतून इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधल्या कोनाची दुप्पट वजा करायची. माझा पहिला कॅम २८० चा, कोन १०६, म्हणजे ओव्हरलॅप ६८. आयडलला हुडहुडी भरणारच. काकांनी दिलेला २५६ चा, कोन ११०, ओव्हरलॅप ३६. फरक कागदावरच दिसतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. अंश कुठून मोजले ते विचारल्याशिवाय दोन दुकानांच्या आकड्यांची तुलना करू नका. व्हॉल्व हलायला लागल्यापासून मोजले तर आकडा मोठा येतो, एक मिलिमीटर उचलल्यावर मोजले तर त्याच कॅमचा आकडा बराच लहान. काकांनी कॅमसोबत दिलेल्या कार्डावर दोन्ही लिहिलेले होते, बॉलपेननं, तेलाच्या बोटांसकट.

घासून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व किती उचलला जातो ते, वाढवायची म्हणजे लोबचं टोक वाढत नाही, खालचा गोल भाग लहान होतो. त्यामुळे रॉकरचा स्क्रू व्हॉल्वकडे जास्त फिरवावा लागतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे त्या स्क्रू आणि व्हॉल्वमधली फट, मॅन्युअलमधला नाही, कार्डावरचा ठेवायचा. रॉकरची तोंडं घासून सपाट करून घेणं त्यांनी सक्तीचं केलं, दोन हजार वेगळे. पहिल्या दुकानात हे टाळलं होतं. तो कॅम काढला तेव्हा ८०० किलोमीटरमध्येच लोबवर नखाला लागतील एवढ्या रेघा होत्या.

बसवायचं काम मी आणि गावातल्या मिस्त्रीनं केलं. कॅम बरोबर अंशावर बसवायला अंशांची चकती नेटवरून छापून प्लायवूडवर चिकटवली. व्हॉल्व पिस्टनला आपटत नाही ना ते बघायला मुलीची निळी क्ले पिस्टनवर थापली, हेड बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, हेड परत उघडलं आणि व्हॉल्वनं जिथं दाबलं तिथं क्ले ब्लेडनं कापून मोजली. सगळ्यात पातळ जागी २.९ मिलिमीटर. दोनच्या वर आहे म्हणजे झोप लागेल. मुलीला नवीन पाकीट आणून द्यावं लागलं.

पहिल्यांदा सुरू करताना आयडलला सोडायची नाही, वीस मिनिटं दोन हजारावर धरायची, कारण हळू फिरताना नव्या लोबला पुरेसं तेल मिळत नाही. मी मोबाईलवर वेळ लावून रेसवर बसलो. बाराव्या मिनिटाला शेजारच्या काकू विचारायला आल्या की गाडी बंद करता येत नाही का.

आता गाडी ८५० वर शांत उभी राहते. नाल्यातून दुसऱ्यात, रेस न देता निघते. घटांगचा चढ तिसऱ्यात जातो, फक्त दोन वळणांवर दुसरा टाकावा लागतो. अ‍ॅव्हरेज साडेदहा. हायवेवर वरच्या टोकाला काही विशेष फरक नाही. ज्याला तो हवा असेल त्यानं हा कॅम घेऊ नये.

तक्रारीही आहेत. चार दिवस म्हणाले, सतरा लागले. फोन उचलत नाहीत. पक्कं बिल नाही. कॅम वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, फॉस्फेटचा काळा लेप एका ठिकाणी खरवडला होता. तो लोबवर नव्हता म्हणून बोललो नाही, पण साडेसहा हजारांच्या मालाला निदान एक खोका हवा. घाई असेल तर तिकडं जाऊच नका.

पुढच्या महिन्यात हजार किलोमीटर होतील, तेव्हा टॅपेट पुन्हा तपासायचे आहेत. काका म्हणालेत, फोन नको, गाडीच घेऊन ये, ऐकल्याशिवाय सांगणार नाही. बाबांनी त्यांच्यासाठी एक कॅरेट आंबिया बहाराची संत्री बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.